हरला तो बसंल

मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन तर आप्पांचा. आई-वडिलांना यातून वगळतो, कारण त्यांचं ऋण वेगळं धरायचं असतं असं आम्हाला शाळेत शिकवलं आहे. आप्पा माझे घरमालक. धाराशिवला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि त्यातल्या दोन खोल्या ते कॉलेजच्या मुलांना भाड्यानं देत. मध्यंतरी आमच्या गावच्या शाळेनं माझा सत्कार केला. हे यश कुणामुळं, असं विचारल्यावर मी आप्पांचं नाव घेतलं आणि त्यांच्या व्हिडिओ गेमचाही उल्लेख केला. टाळ्या झाल्या, पण जरा थांबून झाल्या. नंतर मुख्याध्यापकांनी मुलांना सांगितलं की, सरांच्या बोलण्याचा कुणी भलता अर्थ काढू नये. म्हणून इथं सगळं नीट लिहितो.

आप्पा मूळचे नळदुर्गकडचे. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे भोंग्यावरून सांगणारे. निवृत्त झाल्यावर त्यांचा भोंगा गेला, पण आवाज राहिला. सकाळी आम्हाला उठवताना ते दारात उभे राहून म्हणायचे, "लक्ष द्या. न्हाणीघर मोकळं झालेलं आहे. पाणी फक्त तापलेलं असेपर्यंत मिळेल. उशीर करणाऱ्यांनी चौकशी करू नये." घरात काकूंना चहा मागतानाही तोच सूर. काकूंना त्याची सवय होती. त्या आतून "गाडी उशिरा धावतीय" एवढंच म्हणत.

आम्हा भाडेकरूंना त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. ज्या गावाहून आला ते त्याचं नाव. परंड्याचा होता त्याला ते परंडा म्हणत, मला आमच्या तालुक्यावरून वाशी. वाशीपासून आमचं खेडं बरंच आत आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, "पाटीवर एवढं बारीक कोण लिवतंय?"

आमच्याशी ते मराठीत बोलत, काकूंशी कानडीत, आणि व्हिडिओ गेममधल्या यंत्रमानवांशी हिंदीत. यंत्रमानव परदेशी आहेत, त्यांना निदान हिंदी तरी कळत असेल, असा त्यांचा हिशोब होता.

तो व्हिडिओ गेम त्यांच्या पुतण्यानं सौदीहून आणला होता. टीव्हीला वायर जोडून खेळायचा, दोन रिमोट, आणि सोबत एकच कॅसेट. त्या कॅसेटमध्ये यंत्रमानवांच्या कुस्त्या होत्या. कुणाच्या हाताला घण, कुणाला पाती, कुणाच्या छातीतून आग. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना मोडायचं, एवढीच गोष्ट. सुरुवातीला पडद्यावर परदेशी अक्षरांत बरंच काही येई. ते नियम असणार, असं आप्पांचं मत होतं. वाचता येत नाहीत म्हणून नियमच नाहीत, असं होत नाही. तेव्हा नियम त्यांनी स्वतः केले.

यंत्रमानवांची नावंही त्यांनीच ठेवली. घणवाला तो रोडरोलर. पोटात काहीतरी फिरत राहणारा आणि पाऊल उचलायला वेळ लावणारा तो गिरणी. दोन्ही हातांना पाती असलेला तो कडबाकुट्टी. आपल्याकडं जनावरांचा कडबा बारीक करायला चाकाचं यंत्र असतं, तसाच तो हात फिरवायचा. ही नावं इतकी पक्की झाली की, पुढं एकदा आमच्या गावात खरी कडबाकुट्टी पाहून परंडा अदबीनं बाजूला झाला होता.

खेळ रविवारी सकाळी. आप्पा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, टीव्हीवरचा कपडा काढत. कॅसेटला कुणी फुंकर मारायची नाही. बाकी सगळे लोक मारतात, हे आम्ही सांगितलं. "तुमी जेवणाच्या ताटात बी फुकता का?" असं विचारून ते मऊ कापडानं कॅसेट पुसत. मग कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सामना भोंग्यासारखा सांगत. "रोडरोलर फलाटावर लागलेला आहे. कडबाकुट्टी मागून येत आहे. प्रवाशांनी मधी उभं राहू नये." मध्येच लाईट गेली, तर त्या सामन्याचा निकाल 'गाडी रद्द' असा लागे आणि त्यावर अपील नव्हतं.

त्यांचा मुख्य नियम मात्र कुठल्याच खेळात नसेल असा होता. सगळीकडं हरला तो उठतो आणि जिंकला तो खेळत राहतो. आप्पांकडं उलटं. जिंकला तो उठंल, हरला तो बसंल. परंड्याला हे मान्य नव्हतं. तो आमच्यात सगळ्यात भारी खेळायचा आणि म्हणून त्याला सगळ्यात कमी खेळायला मिळायचं.

तो एकदा वैतागून म्हणाला, "आप्पा, ह्यो काय न्याय हाय? जिंकून म्या उठायचं?"

"स्टँडवर कोण बसतंय?" आप्पांनी विचारलं.

"कोण म्हंजे, परवाशी."

"कुठला परवाशी? ज्याला गाडी घावली त्यो गेला. ज्याची चुकली त्यो बसतो. त्याच्यासाठीच बाकडं हाय. जिंकल्याला बाकडं कशाला पायजे?"

परंडा म्हणाला, "मग म्या मुद्दाम हरतो." तशी त्यानं खटपट केली, पण त्याला जमलं नाही. हात सवयीनं जिंकायचे आणि तो चरफडत उठायचा.

काकूही खेळत. भाजी निवडता निवडता येऊन रिमोट हातात घ्यायच्या, समोरच्याला पाडायच्या आणि नियमाप्रमाणं उठून पुन्हा स्वयंपाकघरात जायच्या. या नियमात आपला नक्की फायदा काय, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "तुला गाडी लगेच मिळती." त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

मी सगळ्यात कच्चा होतो. त्यामुळं रविवारी जो बसायचो तो जेवायला हाक येईपर्यंत बसलेलाच असायचो. समोरची माणसं बदलायची, मी तोच. मला यात कमीपणा वाटायचा. एका रविवारी मी रिमोट ठेवून उठायला लागलो, तर आप्पांनी खुर्चीतूनच सूचना दिली, "वाशीच्या प्रवाशानं बाकडं सोडू नये. गाडी चुकलेली आहे, रद्द झालेली न्हाय."

मी परत बसलो. एवढा वेळ बसून सुधारलो नाही असं नाही. सुधारलो, पण हळू.

आता ती मुख्य गोष्ट.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला माझे दोन विषय गेले. त्यातला एक गणित. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं विषय जाणं म्हणजे काय, हे घरी नीट कळलं नाही. शिक्षण गेलं, एवढं कळलं. चुलत्यांनी लगेच नळदुर्गच्या हायवेवर एका धाब्यात गल्ल्यावर बसायचं काम पाहून ठेवलं. आणि रविवारी सकाळी वडील मला न्यायला आले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. हातात रिकामी पिशवी होती, माझे कपडे भरायला.

आम्ही तेव्हा खेळत होतो. दादांना खुर्ची दिली, चहा दिला. परंड्यानं एका मुलाला हरवलं, परंडा उठला, हरलेला बसून राहिला. दादांनी ते पाहिलं आणि आप्पांना विचारलं, "हरलेला कशापायी बसतोय वं?"

आप्पांनी त्यांना नियम सांगितला, स्टँड आणि बाकड्यासकट. दादा विचार करून म्हणाले, "बराबर हाय. जित्राबाला बी असंच करावं लागतंय. ज्याला वढायला जमत न्हाय त्यालाच पुन्हा जुपायचं."

मग ते माझ्याकडं वळले. "चल. कापडं भर."

मला जायचं नव्हतं. हे मी त्यांना सांगू शकलो नाही. आमच्याकडं वडिलांना उलट बोलायची पद्धत नव्हती आणि बोलायला माझ्याकडं काही नव्हतंही. दोन विषय गेले होते, हे खरंच होतं. मी पिशवी घेतली.

"पाव्हणं, जरा थांबा," आप्पा म्हणाले. "ह्या घरात कोण जाणार, कोण ऱ्हाणार, असं असलं की आमी खेळून ठरवतो. न्हाणीघरापास्नं हीच रीत हाय."

"म्या काय खेळणार मालक? मला त्यातलं काय कळतंय?"

"एका बाजूला बसा. बटणं हायती, दाबायची."

दादा म्हणाले, "आन् म्या जिंकलो तर?"

"तर उठायचं आन् जायचं. तुमाला कोण आडवतंय?"

दादांना ते पटलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि सतरंजीवर मांडी घातली. यंत्रमानव आप्पांनी निवडले. मला गिरणी दिली. दादांना म्हणाले, "तुमाला कडबाकुट्टी."

"कडबाकुट्टी हाय व्हय ह्यात?" दादा म्हणाले. "मग आणा हिकडं."

पुढं गावात अशी गोष्ट पसरली की, मी मुद्दाम हरलो. ते खरं नाही. नियम मलाही माहीत होता, पण त्या क्षणी तो माझ्या डोक्यातच नव्हता. मला एवढंच वाटत होतं की दादांना हरवलं तर ते एकटे परत जातील. मी पूर्ण ताकदीनं खेळलो. दादांनी रिमोट मांडीवर ठेवला, एका हातात चहाची कपबशी तशीच धरली आणि दुसऱ्या हाताचा पंजा सगळ्या बटणांवर एकदम ठेवून वर-खाली करायला लागले. आयुष्यभर ते कुट्टीचं चाक फिरवत आले होते. पडद्यावरचा यंत्रमानव दोन्ही पाती फिरवत जो पुढं आला तो थांबलाच नाही. माझी गिरणी पाऊल उचलेपर्यंत तिचा भुगा झाला होता. दुसऱ्या फेरीतही तेच झालं. दादांचा चहा सांडला नाही.

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "कडबाकुट्टी वेळेवर सुटलेली आहे."

दादा उठले. त्यांना आनंद झाला होता आणि तो त्यांना लपवता येत नव्हता. "चल," ते मला म्हणाले. मी उठायला लागलो.

"वाशी, तू कुठं?" आप्पा म्हणाले. "तू हरलास. बस."

मी अर्धा उठलेला तसाच राहिलो. दादा म्हणाले, "आवो मालक, जिंकलो की म्या."

"जिंकला. म्हणून तुमी निघालात. गाडी हाय आता वाशीची, घावंल तुमाला. हरला त्यो बसंल. तुमीच म्हणला, बराबर हाय."

दादा फसले होते, पण त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटेना, कारण जिंकले तेच होते. ते टीव्हीकडं बघत उभे राहिले. पडद्यावर कडबाकुट्टी हात वर करून नाचत होती.

"परीक्षेत बी हरलाच हाय त्यो," आप्पा आता साध्या आवाजात म्हणाले. मी त्यांचा साधा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "पास झाला असता तर म्याच म्हणलो असतो, न्या घरी, झालं त्याचं. आता कसा उठंल?"

"आन् किती वर्सं बसंल?"

"जिंकंस्तोवर."

काकूंनी आतून भाकरीचा डबा आणून दादांच्या हातात दिला. दादांनी तो रिकाम्या पिशवीत ठेवला. जाताना मला एवढंच म्हणाले, "त्या गिरणीच्या नादी लागू नगंस. लई हळू हाय ती."

नळदुर्गच्या गल्ल्यावर चुलत्यांनी दुसरा मुलगा पाठवला.

बऱ्याच दिवसांनी मी आप्पांना विचारलं होतं की, मी जिंकलो असतो तर? ते कॅसेट पुसत होते. "तर तू उठला असतास," ते म्हणाले. "आन् दादा बसले असते. मग काकूला एक ताट वाढवावं लागलं असतं." मला गिरणी का दिली, हे विचारायचं मनात होतं. पण काही गोष्टी चौकशीच्या खिडकीवर विचारायच्या नसतात.

मी बसलो. गणित पुढच्या वेळेलाही गेलं आणि त्यानंतर सुटलं. शेवटच्या वर्षाचा निकाल घेऊन मी खोलीवर आलो, तेव्हा आप्पा ओट्यावर होते. गुणपत्रिका त्यांनी पाहिली नाही. ते उभे राहिले, विजार सारखी केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लक्ष द्या. वाशीकडं जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. प्रवाशानं आता बाकडं सोडावं." शेजारची दोन माणसं पिशव्या घेऊन खरंच बाहेर आली होती.

आज मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. नापास झालेली मुलं वर्गात मागं जाऊन बसतात, त्यांना मी पुढच्या बाकड्यावर बसवतो. का, ते सांगत नाही. एवढं सगळं समजावून सांगायला तास पुरत नाही.

काकू गेल्या, त्यानंतर आप्पांना त्यांच्या मुलीनं सोलापूरला नेलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. यंदा उन्हाळ्यात ताईचा फोन आला की, आप्पांच्या अंगावरून वारं गेलं आहे. उजवा हात, उजवा पाय. डॉक्टर म्हणतात, रोज खुर्चीत बसवा, हात हलवू द्या, धरून उभं करा, सुधारणा होईल. पण आप्पा पडून राहतात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोराला ते रोज एकच सांगतात, "शेवटची गाडी गेलेली आहे. चौकशी करू नये."

"तुझं ऐकतील," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, आता नाही बसले तर पुढं बसताच येणार नाही."

मी रविवारी गेलो. आप्पा भिंतीकडं तोंड करून निजले होते. मला पाहून म्हणाले, "वाशी. उशिरा धावतीय." आवाज जड झाला होता, पण सूर तोच होता. ताईनं जुना टीव्ही आणि व्हिडिओ गेम जपून ठेवला होता. मी कॅसेट कापडानं पुसली, फुंकर मारली नाही. त्यांना उशांना टेकवून बसवलं आणि रिमोट हातात दिला. त्यांनी रोडरोलर घेतला. आयुष्यभर ते तोच घेत आले. त्याला दोन्ही हात लागतात. उजवी बोटं बटणांवरून घसरत राहिली. माझ्या हातून त्यांचा रोडरोलर पडला.

आप्पांनी रिमोट सोडून दिला. "साकु," ते कानडीत म्हणाले, पुरे. आणि पुन्हा आडवे होऊन भिंतीकडं वळले.

एवढ्या वर्षांत हरलेला माणूस त्यांच्यासमोर बसून राहिला नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं आणि तो माणूस ते स्वतः होते. ताई दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण ज्यांनी मला बसवलं त्यांना मी "बसा" म्हणणं माझ्या तोंडून निघेना. लातूरला परत आलो आणि हे पत्र पाठवलं.

*तीर्थस्वरूप आप्पांस,*

*शिरसाष्टांग नमस्कार.*

*पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या रविवारी आपण हरलात आणि बाकडं सोडलंत. हे नियमाला धरून नाही. नियम आपला आहे, माझा नाही, म्हणून मी फक्त आठवण करून देतो. गाडी चुकलेली आहे, रद्द झालेली नाही.*

*मी पुढच्या रविवारी येतो आहे. त्यानंतरच्याही रविवारी येईन. मी जिंकलो, तर नियमाप्रमाणे उठून लातूरची गाडी धरीन आणि आपण बसून राहायचं आहे. ताईला सांगितलं आहे की, आपण आडवे झालात तर मला फोन कर.*

*दादांना सगळं कळवलं. ते म्हणाले की, आप्पांचं रोडरोलरवर काय अडलं आहे? त्यांना कडबाकुट्टी दे, तिला एकच हात लागतो, मला विचार. तेव्हा डावा हात बटणांवर ठेवून वर-खाली करायचा आहे. मी गिरणी घेईन. मुद्दाम हरणार नाही. मला गिरणी कधीच नीट चालवता आली नाही, हे आपल्याला माहीत आहे.*

*ज्या रविवारी आपण जिंकाल, त्या रविवारी मी बसून राहीन. आपण उठायचं आहे. ताई चपला पलंगाखाली ठेवणार नाही, समोर ठेवील.*

*आपला,*
*वाशी*